क्लच किती घसरू द्यायचा?

गाडी शिकवणारा माणूस पहिल्याच आठवड्यात दटावतो: हाफ क्लचवर गाडी चालवू नको, प्लेट जळेल. रस्त्यासाठी हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण ४०२ मीटरच्या, म्हणजे सरळ पाव मैलाच्या, ड्रॅग शर्यतीत उभी गाडी सुटते तेव्हा पहिला दीडेक सेकंद क्लच घसरायलाच हवा, म्हणजे इंजिन आणि चाकं पूर्ण न जुळता अर्धवट जुळलेली राहायला हवीत, आणि दर वेळी तितकाच घसरायला हवा. माझ्या जुन्या मारुती एस्टीमवर हे काम मी नागपुरात केलं. ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडची पोरं इंजिनावर, एक्झॉस्टवर, एअर फिल्टरवर खर्च करतात आणि पहिल्या साठ फुटांकडे कोणी बघतच नाही. शर्यत तिथेच जाते. साठ फुटांत, म्हणजे १८.२९ मीटरमध्ये, एक दशांश सेकंद वाचला तर शेवटच्या वेळेत साधारण दीड दशांश किंवा त्याहून थोडा जास्त वाचतो, हा ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे आणि माझा अनुभवही तोच आहे.

गाडी १२९८ सीसीची, एमपीएफआय, कंपनीच्या कागदावर ८५ बीएचपी. रिकामी पावणेनऊशे किलोच्या आसपास, मी बसलो की साडेनऊशे धरा. पुढच्या चाकांना ताकद. क्लच केबलचा, हायड्रॉलिक नाही. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं तिच्यात जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) आणि सिरॅमिक पकवाली, म्हणजे अस्तराऐवजी सिरॅमिकचे तुकडे लावलेली, क्लच प्लेट बसवून घेतलेली होती. ‘रेसिंग क्लच’ म्हणून गाडीची किंमतही त्यानं चढवून सांगितली होती. हा क्लच गाडीला झटक्यात पकडायचा. एकतर पुढची चाकं जागच्या जागी फिरायची, नाहीतर इंजिन एकदम खाली बसायचं आणि गाडी गुदमरायची. दोन्हींच्या मधलं काही मिळालंच तर ते पुन्हा मिळायचं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं रस्त्यावर करायचं नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रात्री रिंग रोडवर सुटणाऱ्या पोरांचे हाल मी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत पाहिले आहेत. धावायचं ते मोटरस्पोर्टच्या फेडरेशनची परवानगी असलेल्या इव्हेंटलाच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. नागपूरहून ते लांब पडतं, खर्चही होतो, पण दुसरा रस्ता नाही.

सराव मात्र इथे होऊ शकतो, आणि हेच मला उशिरा का होईना पण फार मोलाचं वाटलं: लाँचच्या, म्हणजे उभी गाडी सुटण्याच्या, सरावाला पूर्ण पाव मैल लागतच नाही. अठरा मीटर सुटायला, आणि तीस-चाळीस मीटर थांबायला. वाडीच्या पुढे अमरावती रोडला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आहेत. त्यातल्या एका ओळखीच्या मालकाचं आवार चांगलं लांब, पक्क्या काँक्रीटचं, चारी बाजूंनी भिंत. रविवारी सकाळी ट्रक नसायचे. मालकाची परवानगी, फाटक बंद, आत आम्ही तिघंच. आधी सगळं आवार झाडून काढायचं, कारण काँक्रीटवरच्या बारीक धुळीनं पकड इतकी बदलते की क्लचचं कोणतंच मोजमाप खरं येत नाही. झाडणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं काम होतं.

मोजायचं कसं? कारखान्यात कन्व्हेयरवर लावतात तसे दोन फोटो-सेन्सर घेतले. एक सुटण्याच्या रेषेवर, एक १८.२९ मीटरवर, आणि मध्ये एक छोटा टायमर. ड्रॅग स्ट्रिपवरही वेळ अशीच मोजतात. पुढचं चाक पहिल्या किरणातून बाहेर निघालं की घड्याळ सुरू होतं. हिरवा दिवा लागल्यावर नाही. दिवा आणि चाक हलणं यांच्यामधला वेळ हा रिअॅक्शन टाइम, तो वेगळा छापून येतो. हा फरक पुढे क्लचच्या बाबतीत कामी आला.

पण वेळ फक्त निकाल सांगते, कारण सांगत नाही. कारण कळायला इंजिनाचे आरपीएम हवेत, आणि तेही क्षणाक्षणाचे. माझ्या एस्टीममध्ये आजच्या गाड्यांसारखं ओबीडीचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरची माहिती देणारं) सॉकेट लावून आलेख काढता येत नाही. मग आम्ही आवाज धरला. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ४२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ७० फेरे, म्हणजे १४० स्फोट, म्हणजे १४० हर्ट्झचा सूर. ३००० ला तोच सूर १०० हर्ट्झवर येतो. फोन एक्झॉस्टजवळ, पण हवेच्या झोतापासून बाजूला, बंपरला चिकटवायचा, रेकॉर्डिंग करायचं आणि नंतर फोनमधल्याच एका स्पेक्ट्रोग्राम ॲपमध्ये, म्हणजे आवाजातला सूर क्षणाक्षणाला चित्रात दाखवणाऱ्या ॲपमध्ये, उघडायचं. काळ्या पडद्यावर एक पिवळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे तुमचं इंजिन. वेगळा एक पैसा खर्च न करता सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या भागापर्यंत इंजिनाचं काय झालं ते दिसतं. ज्याला गाडीवर काम करायचं आहे त्यानं हे एकदा तरी करून बघावंच.

रेघ तीन तऱ्हांची यायची. पहिली: १४० वरून कड्यावरून पडावी तशी खाली सत्तरच्या आसपास, मग हळूहळू वर. हे गुदमरणं. दुसरी: थोडी खाली येऊन लगेच वर उसळी. ही एकतर चाकं फिरल्याची किंवा क्लच फार घसरल्याची खूण. आवाजावरून या दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून टायरच्या कडेला खडूनं पांढरी रेघ मारली आणि दुसऱ्या फोनवर स्लो मोशनमध्ये चाक टिपलं. गाडी जागेवर आणि पांढरी रेघ गरगर, म्हणजे टायर. रेघ गाडीच्या चालीनं फिरते आहे आणि इंजिन मात्र वर, म्हणजे क्लच. तिसरी तऱ्हा क्वचित यायची: १४० वरून सावकाश उतरत दीडेक सेकंदात शंभर-एकशेतीनला येते आणि तिथून एक वळण घेऊन सरळ चढत जाते. ते वळण म्हणजे क्लच पूर्ण बसल्याचा क्षण. जेव्हा जेव्हा ही तिसरी रेघ आली तेव्हा तेव्हा वेळ सर्वांत चांगली आली. मग प्रश्न एवढाच उरला की ही रेघ हुकमी कशी काढायची.

इथे थोडं गणित सांगतो, कारण या गणितानंच मला दिशा दाखवली. फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक), क्रँक आणि प्रेशर प्लेट मिळून फिरणारं जे वजन आहे त्याचा जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरण्याची गती बदलायला ते किती विरोध करतं त्याचं माप, मी ०.१२ किलो-मीटर वर्ग धरला. छोट्या इंजिनासाठी हा अंदाज बरा आहे. ४२०० आरपीएमवरून २२०० वर इंजिन एका दशांश सेकंदात पाडलं, तर त्या फिरत्या वजनातून साधारण २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुटतो. इंजिन स्वतः देतं शंभरच्या थोडं वर. म्हणजे पाय फेकून क्लच सोडला की त्या एका क्षणापुरतं इंजिनाच्या अडीचपट जास्तीचं काहीतरी पुढे धावतं. आता चाकांची बाजू बघा. साडेनऊशे किलोतले साधारण साठ टक्के पुढच्या चाकांवर, गाडी उचलली की त्यातलंही थोडं मागे जातं, साध्या टायरची पकड, पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तेराच्या आसपास गुणोत्तर. हे सगळं उलट मोजत क्लचपर्यंत आलं की कळतं, पुढची चाकं क्लचमधून जेमतेम ९५ न्यूटन-मीटर पेलू शकतात. इंजिन एकटंच तेवढं देतं! फ्लायव्हीलमधल्या साठ्याला जागाच नाही.

पण क्लच कितीही जोरात सोडला तरी तो स्वतः जितका टॉर्क धरू शकतो त्यापेक्षा जास्त पुढे जाऊ देत नाही. प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटच्या अस्तराचं घर्षण, त्रिज्या आणि दोन पृष्ठभाग, यांचा गुणाकार ही त्याची मर्यादा. मूळ क्लचची मर्यादा इंजिनाच्या दीडेक पट असते. ‘रेसिंग क्लच’ बसवला की ती मर्यादा दुप्पट-अडीचपट होते, आणि मग फ्लायव्हीलचा सगळा झटका विनाअडथळा टायरपर्यंत पोचतो. जास्त दाबाचा क्लच बसवून गाड्या सुटायला वाईट का होतात, याचं उत्तर हे आहे. ज्यांच्या इंजिनाला त्या दाबाची गरज नाही त्यांनी त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

तर काम असं ठरलं: सुरुवातीला क्लचनं नव्वदेक न्यूटन-मीटरच द्यायचे, आणि गाडी वेग धरेल तसा दाब वाढत जाऊन दीड सेकंदात पूर्ण बसायचा. मोठ्या लोकांचंही हेच चालतं. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल वर्गातल्या ड्रॅग गाड्यांना गिअर बदलायचे नसतातच. दहा हजारांहून जास्त हॉर्सपॉवर अनेक प्लेटांच्या एका क्लचमधून जाते आणि तो क्लच शर्यतीच्या दरम्यान टप्प्याटप्प्यानं, टायमरवर, बसवला जातो. त्यांचा क्लच प्रत्येक धावेनंतर खोलला जातो. आमचं प्रमाण लहान असलं तरी तत्त्व तेच.

आमचे मिस्त्री साठीचे आहेत. इतवारीत त्यांचं गॅरेज होतं, आता घरीच दोन-चार गाड्या बघतात. त्यांनी माझे पहिले लाँच बघितले आणि म्हणाले, “बाबू, तू क्लच सोडून नाही राहिला, फेकून राहिला. संक्रांतीत पतंगाले ढील देतो ना, तशी दे.”

मी म्हटलं, “काका, पायानं दीड सेकंदात चाळीस मिलिमीटर, दर वेळी सारखं, कसं जमणार? वरून दिव्यांकडेही बघायचं.”

खरंच आहे ते. स्टार्टला तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं लागतात, मग हिरवा. डोळा दिव्यावर, उजवा पाय ॲक्सिलेटरवर, अंगात धडधड, अशा वेळी डाव्या पायाला बारीक काम सांगणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. काही जणांना जमतं. मोटरसायकलवाल्यांना बोटांनी त्यातल्या त्यात बरं जमतं. पण जमलेलं पुन्हा तसंच जमेल याची खात्री त्यांनाही नसते.

काका थोडा वेळ पेडलखाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “मशीनले जमते तं पायाले कायले तरास देतं? ड्रिलच्या फीडवर तेलाचं सिलिंडर राहते, पाह्यलं का कधी?”

मी पाहिलं नव्हतं. हिंगणा एमआयडीसीत जुन्या मशीनचा माल विकणाऱ्याकडे ते मला घेऊन गेले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रिलिंग मशीनला एक हायड्रॉलिक फीड कंट्रोल लावलेला असतो. ड्रिल झटक्यात खाली न येता ठरलेल्या गतीनं यावं म्हणून. हातभर लांबीचं सिलिंडर, पुढे एक चकचकीत दांडी. दांडी आत दाबली की तेल एका बारीक छिद्रातून जातं, आणि मागच्या डायलनं ते छिद्र लहान-मोठं करता येतं. दाब काढला की आतली स्प्रिंग दांडी परत बाहेर ढकलते. दुकानातल्या लोखंडी टेबलावर काकांनी तळहातानं ती दांडी दाबून दाखवली. सगळा भार टाकला तरी ती एकाच चालीनं, न थरथरता आत गेली. डायल दोन आकडे फिरवला, चाल बदलली, पण पुन्हा तशीच एकसारखी. मला तिथेच पटलं.

बसवण्याचं काम वेल्डिंगवाल्याच्या दुकानात दुपारभर चाललं. स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या पत्र्याला जाड ब्रॅकेट, त्यावर सिलिंडर, दांडीचं तोंड इंजिनाकडे. पेडलचा दांडा पायाखालून परत वर येताना मध्येच या दांडीला टेकतो. टेकेपर्यंत पेडल मोकळं, झटकन येतं. टेकल्यावर तेलाच्या चालीनं येतं. पेडल पिव्हटपासून किती खाली टेकवायचं यालाही महत्त्व आहे. फार वर टेकवलं तर दांडीला फारच थोडं अंतर चालायला मिळतं आणि डायलचा एक आकडा म्हणजे मोठा फरक होतो. आम्ही पेडलच्या मधोमध जागा धरली. दुसरी खबरदारी, ब्रॅकेट असं हवं की तुटलं तरी क्लच दाबण्याच्या आड येणार नाही, आणि ब्रेकच्या पेडलपासून लांब. हे बघितल्याशिवाय मी गाडी हलवली नाही.

आता हातात दोन गोष्टी आल्या. एक, पेडल कुठे टेकतं. त्यावरून सुरुवातीचा टॉर्क ठरतो. हे दांडीच्या टोकावरच्या लांब बोल्टनं कमी-जास्त करायचं. दुसरी, डायलचा आकडा. त्यावरून तिथून पूर्ण बसायला लागणारा वेळ ठरतो. पाय काय करतो याला आता काहीच किंमत नाही. पाय सरळ पेडलच्या बाजूनं घसरवून काढायचा, पूर्णपणे. जितकं बेफिकीर तितकं बरं.

लाँचचे आरपीएमही पायावर सोडले नाहीत. टू-स्टेप लिमिटर बसवला. क्लच दाबलेला असेपर्यंत तो ४२०० च्या वर जाऊ देत नाही, ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबलेला असला तरी. सिरॅमिक प्लेट तिच्या प्रेशर प्लेटसकट काढून साधी ऑरगॅनिक अस्तराची टाकली. सिरॅमिक पक पकडतात ते एकदम, त्यांना हळू घसरणं मानवत नाही. जास्त घसरवायचं आणि जास्त ताकदीचं इंजिन असेल तर सिंटर्ड आयर्नची प्लेट चांगली, ती तापली तरी तिचं घर्षण फारसं हलत नाही. पण आमच्या ८५ बीएचपीला ऑरगॅनिक पुरते. एका लाँचमध्ये क्लचमध्ये साधारण ३० किलोज्युल उष्णता तयार होते, हा माझा हिशोब. त्यातली अर्धी प्रेशर प्लेटमध्ये गेली आणि तिचं वजन दोनेक किलो धरलं, तर ती सरासरी १५ अंशांनी तापते. पृष्ठभाग त्या क्षणी कितीतरी जास्त तापतो हे खरं, पण ती उष्णता लगेच आत पसरते. एका लाँचनं प्लेट जळत नाही. पाठोपाठ, थंड व्हायला वेळ न देता केलेल्या लाँचनी जळते. दोन लाँचच्या मध्ये आम्ही निवांत चहा घ्यायचो, बॉनेट उघडं ठेवून.

सेटिंग करताना क्रम महत्त्वाचा निघाला. आधी बोल्ट, मग डायल. डायल पूर्ण घट्ट ठेवायचा, म्हणजे क्लच जवळजवळ टेकलेल्या जागीच थांबतो, आणि गाडी नुसत्या सुरुवातीच्या टॉर्कवर कशी सुटते ते बघायचं. आवाजाची रेघ लिमिटरच्या वर उसळली तर पकड कमी, बोल्ट आत घ्यायचा. खडूची रेघ गरगरली तर पकड जास्त, बोल्ट बाहेर. टायर नुसता कुरकुरतो पण फिरत नाही, अशी एक जागा सापडते. ती सापडली की बोल्टवर चेक नट घट्ट करून त्याला हात लावायचा नाही. मग डायल एकेक आकडा सैल करत जायचं, रेघेतलं ते वळण दीड सेकंदाच्या आसपास येईपर्यंत. त्याहून लवकर आणलं की वळणाच्या जागी चाक सुटायचं. उशिरा आणलं की काही फायदा नाही, नुसती उष्णता. टायरमधली हवा तीसवरून चोवीस पीएसआयवर आणली तेव्हा बोल्ट पुन्हा अर्धा फेरा आत घ्यावा लागला, कारण पकड वाढली होती. टायर बदलला, हवा बदलली, पृष्ठभाग बदलला, की बोल्टचा फेरा आलाच.

एक शंका मला होती. प्रत्येक गिअर बदलताना क्लच असाच रेंगाळला तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला वेळ जाईल. तसं होत नाही, आणि त्याचं कारण छान आहे. दांडी स्प्रिंगवर परत बाहेर यायला पाऊण सेकंद घेते. स्टार्टला आपण पेडल कितीतरी सेकंद दाबून उभे असतो, दांडी पूर्ण बाहेर आलेली असते. पण गिअर टाकताना पेडल जेमतेम पाव सेकंद खाली असतं, तेवढ्यात दांडी थोडीशीच बाहेर येते, त्यामुळे क्लच लगेच बसतो. उलट थोडी नरमाई मिळते ती दुसऱ्या गिअरला टायर ओरडू देत नाही. आणि रिअॅक्शन टाइमचं म्हणाल तर पेडल टेकेपर्यंतचा प्रवास मोकळाच असल्यानं चाक हलायला उशीर होत नाही.

मार्चपर्यंत सगळं जमून आलं होतं. साठ फुटांची वेळ अडीच सेकंदांच्या आसपास स्थिरावली होती. पूर्वी एका लाँचचा दुसऱ्याशी तीन-चार दशांशांचा फरक असायचा, आता पाच शतांशांच्या आत. मग एप्रिल आला, आणि नागपूरचं ऊन.

तोच बोल्ट, तोच डायल, पण रेघेतलं वळण अलीकडे सरकायला लागलं. सकाळी सातला ठीक, दहाला चाकं सुटायची. आधी टायरवर संशय घेतला, मग काँक्रीटवर. खरं कारण सिलिंडरमधलं तेल होतं. उन्हात उभ्या गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली, हात टेकवत नाही इतकं तापतं. तापलेलं तेल पातळ होतं, छिद्रातून भराभर जातं, आणि दीड सेकंदाचं काम एका सेकंदात उरकतं. ड्रिल मशीन छपराखाली एका जागी उभी असते, तिला हा त्रास नसतो. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात बंद गाडीत बसवलेल्या सिलिंडरला तो असणारच.

यावर उपाय काय? थर्मामीटरचा एक प्रोब सिलिंडरला टेपनं चिकटवला, आणि ज्या ज्या तापमानाला सराव केला त्या त्या वेळी वळण दीड सेकंदावर आणायला डायल किती लागला ते लिहीत गेलो. तो कागद आता ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून लावलेला आहे. ३० अंशांना जो आकडा, त्यापेक्षा ५० ला जवळजवळ दोन आकडे घट्ट. शिवाय गाडी लाइनीत उभी असताना पायाशी ओलं गोणपाट टाकतो, कूलरच्या हवेवर वाढलेल्या माणसाला हे सुचायला वेळ लागत नाही. तेल बदलून सिलिकॉनचं घालावं, त्याची चिकटी तापमानानं कमी बदलते, हे पुढचं काम आहे.

केबलचीही एक गोष्ट सांगायला हवी. क्लच तापला की पेडलची पकडायची जागा थोडी सरकते, आणि अस्तर झिजत गेलं की केबलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी ढील, कमी होत जातो. बोल्ट जागच्या जागी असला तरी क्लच मात्र सरकलेला. म्हणून दर सरावाआधी, क्लच थंड असताना, गिअरबॉक्सपाशी केबलचा नट फिरवून पेडलचा फ्री प्ले पट्टीनं मोजून तेवढाच ठेवतो. दोन मिनिटांचं काम आहे. हे न करता डायलशी खेळत बसणं व्यर्थ आहे.

या सगळ्याची खरी परीक्षा मी गाडी चालवून होणार नव्हती, कारण माझा पाय या गाडीला सरावलेला. माझी मामेबहीण रोज हिंगण्याला ऑफिसला स्वतःची गाडी चालवत जाते, पण ड्रॅगचा तिला काही अनुभव नाही. एका रविवारी तिला बोलावलं. “दादा, मी काय करायचं ते एका वाक्यात सांग,” म्हणाली. मी सांगितलं: उजवा पाय तळापर्यंत, डावा पाय बाजूनं काढून घे, बाकी काही करू नकोस. पहिल्या वेळी तिनं पाय काढताना जरा आखडता घेतला. त्यानंतरचे तिचे सगळे लाँच माझ्या वेळांच्या आसपासच होते, आणि तिचे आपसातले फरक माझ्यापेक्षा कमी. ती पाय खरोखर सोडून देत होती. मी अजूनही कुठेतरी पायानं मदत करायला जात होतो, हे रेघांवर रेघा ठेवून बघितल्यावर दिसलं. काका खुर्चीवरून म्हणाले, “आता हे गाडी कोणीबी पळवू शकते,” आणि त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मला त्या दिवशीच्या कोणत्याही वेळेपेक्षा मोठा वाटला.

पावसाळ्याआधी गिअरबॉक्स उतरवला. इतक्या लाँचनंतर आत काय झालंय ते बघायचंच होतं. लोक म्हणत होते, एवढं घसरवतोस तर प्लेट कोळसा झाली असेल. प्लेट बाहेर काढून उजेडात धरली. अस्तरावर एकसारखी तपकिरी झाक, कडेला काळं पडलेलं नाही, रिव्हेट अजून खोल. व्हर्नियरनं मोजलं तर नव्या प्लेटच्या मानानं अर्धा मिलिमीटरही गेलेली नव्हती. प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे डाग नव्हते. निळा डाग म्हणजे त्या जागी लोखंड भाजल्याची खूण, आणि जुन्या सिरॅमिकसोबत जी प्रेशर प्लेट निघाली होती तिच्यावर असे डाग ठिकठिकाणी होते. ती फारशी घसरतच नव्हती, तरी! झटक्यात पकडताना क्लच चर्रचर्र करत, ठिपक्याठिपक्यांनी तापतो. एकसारखा घसरला तर उष्णता सगळीकडे पसरते. फ्लायव्हीलला नुसता एमरी पेपर मारला, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) मात्र नवं टाकलं, कारण स्टार्टला पेडल दाबून उभं राहिल्यानं भार त्याच्यावर येतो आणि ते थोडं घरघरायला लागलं होतं.

आता सेमी-स्लिक, म्हणजे कमी नक्षीचे, जास्त पकडीचे टायर आणायचे आहेत. पकड वाढेल, म्हणजे सुरुवातीचा टॉर्क वाढवता येईल, बोल्ट दोन-तीन फेरे आत जाईल. तेव्हा लिमिटर ४२०० वरून थोडा वर न्यावा की नाही, यावर काकांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात आधी टायर लाव, रेघ पाह्य, मग बोलू.